दोन 'सी'चा डॉलर

लाकडी फळीवरचा बर्फाचा खडा होता तसाच होता. चांदीच्या डॉलरवरचा मात्र बघता बघता वितळला आणि नेवाडातल्या त्या खाणगावाचं सभागृह 'हालेलुया'ने दणाणलं.

"ही आशीर्वादाची ऊब!" व्यासपीठावरचा फिरता धर्मोपदेशक ब्रदर कॉय गरजला. "हे नाणं गळ्यात घाला, औषधं फेका! पण गरुडाच्या छापाखाली दोन 'सी' अक्षरं असलेले जुने डॉलर शापित. त्या सैतानाच्या तुटक्या बेड्या! ते मला द्या, मी नष्ट करतो; पवित्र नाणं घेऊन जा."

लोरीन टिबेट्सचं डोकं फिरलं. चाळीस वर्षं ती एकोणिसाव्या शतकातली चांदीची नाणी जमवत होती. 'सीसी' म्हणजे कार्सन सिटीची टांकसाळ, इथून तासाभरावरची! तिथे डॉलर मोजकेच पाडले गेले, म्हणून तर त्यांना एवढा भाव. तिच्या बहिणीने, अर्डिथने, वडिलांचा १८८९चा तसला डॉलर सकाळीच या कॉयला दिला होता. रक्तदाबाच्या गोळ्याही बंद!

लोरीन उठली. स्वतःच्या पर्समधला झिजलेला डॉलर काढून तिने त्यावर खडा ठेवला. तोही भराभर वितळला.

"याला कुणी आशीर्वाद दिला? चांदीतून उष्णता झरझर वाहते, लाकडातून नाही. एवढंच!"

"ब्रदरांच्या नाण्याचा गुण तुझ्या नाण्याला लागला असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"अरे देवा!" लोरीनने कपाळावर हात मारला. मग स्वयंपाकघरातून चांदीचा जुना चमचा मागवला. त्यावरही तेच झालं.

"लोरीन, खाली बस ना, लाज आणतेस," अर्डिथ कुजबुजली.

"लाज त्याला वाटू दे! कॉयबुवा, शापित डॉलर नष्ट करता ना? मग ती पेटी उघडा."

कॉय पेटी छातीशी धरून दाराकडे सरकला. खाणीतला धिप्पाड डेल्बर्ट आडवा आला, त्याने पेटी हिसकावली. आत मऊ कापडात एकेक 'सीसी' डॉलर जपून गुंडाळलेला, प्रत्येकावर नाणेविक्रेत्याच्या भावाची चिठ्ठी. आणि लोकांच्या गळ्यात? ढिगाने मिळणारे साधे चांदीचे डॉलर.

अर्डिथ रडवेली झाली. "पण माझं डोकं दुखायचं थांबलं होतं गं."

"डोकेदुखी थांबली, पण रक्तदाब उतरला का? मोजलास?"

अर्डिथने नकारार्थी मान हलवली.

"मग आधी मोज," लोरीन वैतागून म्हणाली, पण तिचा हात बहिणीच्या खांद्यावर होता. "तुम्हीही सगळे ऐका. मी सांगते म्हणूनही मानू नका. घरी जा, चमच्यावर बर्फ ठेवा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जो तपासू देत नाही, त्याच्या हाती जीव देऊ नका."