साहेबाने तोंड फिरवलं

निवृत्त बँकवाल्या भावजींनी ती कंपनी आठवडाभर उलटीपालटी करून पाहिली होती. कुत्र्यामांजरांचं खाणं, बी-बियाणं, बागेची खतं. विक्री वाढती, कर्ज किरकोळ, कमाईच्या मानाने शेअर स्वस्त. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनींचा सगळा भरवसा या दिरावर. त्यांनी "घ्या" म्हटलं आणि वहिनींनी थोडे शेअर घेतले. आज ठेव मोडून आणखी घ्यायचे होते.

एक गोष्ट मात्र भावजींनी हिशेबात धरली नव्हती. त्याच कंपनीचं खाणं त्यांनी आपल्या कुत्र्यापुढे, साहेबापुढे, ठेवलं होतं. साहेबाने वास घेऊन तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. एका कुत्र्याच्या नाकावरून कंपनी जोखायची नसते, असं मनाला समजावून त्यांनी पिशवी माळ्यावर टाकली. तेव्हापासून वहिनींचा फोन आला की ते घाईघाईने आकडे सांगून फोन ठेवून द्यायचे.

वहिनी आल्या त्या हातात तसलीच नवी पिशवी घेऊन.

"तुमच्या साहेबाला खाऊ. आपल्याच कंपनीचा."

साहेब शेपूट हलवत आला, वाडग्यात नाक घातलं आणि मुकाट्याने खुर्चीखाली जाऊन बसला.

"अगदी तुमच्या बँकेतल्या साहेबांसारखा. समोर ठेवलेलं काही पसंतच पडत नाही," वहिनी हसल्या. "का पोट बिघडलंय?"

भावजींनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. वहिनींनी ठेव मोडायचा कागद पुढे ठेवून चष्मा लावला. "सही कुठे करू?"

भावजींनी कागदावर तळवा ठेवला.

"थांबा, वहिनी. तो हे कधीच खात नाही. मला माहीत होतं, पण मी बोललो नाही. आकडे इतके चांगले होते की कुत्र्याचं ऐकायची लाज वाटली."

वहिनींनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "गॅलरीतल्या कुंड्यांत मी याच कंपनीचं बी पेरलं होतं. दोनदा. एक कोंब नाही आला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही एवढा अभ्यास केलेला. म्हटलं, माझाच हात वाईट. हे गेल्यापासून माझ्या हाताला यशच उरलं नाही, असं वाटायला लागलं होतं."

त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "घेतलेत तेवढे विकून टाका," त्या सहज म्हणाल्या. त्यात राग नव्हता.

भावजींना वर बघवेना. ते वाडगं उचलायला वाकले. साहेबाने खुर्चीखालून मान काढून त्यांचा हात चाटला, आणि तेसुद्धा त्यांना सोसलं नाही.