जीनवाल्या बायकांचं पेव

मी पेव बोलतोय, जमिनीखालून. वरून तुम्हाला एक दगडी झाकण दिसेल, त्यावर शेणमातीचा लेप. त्याखाली खोल अंधार आहे. तो मी.

मला वरवट बकाल गावच्या पांढरीत खोदलं. काळ्या मातीत पेव टिकत नाही. ती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात पाझरते. गावठाणाची पांढरी माती पक्की. माझं तोंड लहान ठेवलं, पोट मोठं. आत जाळ करून मला भाजलं, मग भिंतींना कडबा लावला.

माझे मालक हिंमतराव. जमीन पुष्कळ. त्यांची ज्वारी माझ्यात वर्षानुवर्षं निजायची. पेवातलं धान्य मरत नाही, झोपतं. ऊब धरतं, पिवळं पडतं, त्याला आंबूस वास येतो. त्या झोपेत मलाही स्वप्नं पडत. वाऱ्यानं वाकलेली कणसं दिसत, त्यांवर पाखरं दिसत, मचाणावरून कुणी गोफण फिरवताना दिसे. मी शेत कधी पाहिलेलं नाही. ते सारं ज्वारीच घेऊन येई.

पुढे कापसाचा भाव चढला. हिंमतरावांनी ज्वारीची वावरं कापसाखाली घातली आणि मी रिकामा झालो. रिकाम्या पेवाला स्वप्न पडत नाही. बेडूक येतात, तेवढेच.

कापसामागून गावाशेजारी जीन आला, कापसातली सरकी काढायचा कारखाना. त्याची धडधड मातीतून माझ्यापर्यंत येई. दिवाळी झाली की भोंगा वाजायचा, होळीला गप्प व्हायचा. गावातल्या बायका तिथं रेच्यावर कापूस घालत. रेचा रुई एकीकडे टाकी, सरकी दुसरीकडे. मजुरी तासावर. गाड्यांची रांग लागली की दिवे लावून काम चाले. गाड्या आल्या नाहीत की दुपारीच घरी. होळीनंतर तर कामच नाही. चार महिने हाताला उसंत नाही, बाकीचे आठ महिने कधी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपट, कधी गोवऱ्या थाप. पोट भोंग्यावर चालत नाही, हे जीनवाल्यांच्या ध्यानात आलं नाही. बायकांच्या आलं.

त्यांतली वच्छलाबाई विधवा, वयानं मोठी. ती हिंमतरावांकडे गेली.

"पेव रिकामं हाय तं आमाले द्या."

"काय ठेवता त्याच्यात? मजुरी?"

"मजुरीच ठेवतो."

हिंमतराव हसले. पण पेव दिलं, आणि भाडं मागितलं नाही. माणूस तसा बरा.

रीत वच्छलाबाईनं घालून दिली. पौष-माघात जीन भरात असतो, आणि ज्वारीही तेव्हाच स्वस्त. तर प्रत्येकीनं बाजाराच्या दिवशी मजुरीतून ज्वारी घ्यायची आणि माझ्यात ओतायची. ज्या आठवड्यात तास जास्त, त्या आठवड्यात टोपलं मोठं. होळीला माझं तोंड लिंपायचं. ते मृगाच्या आधी, ज्येष्ठात उघडायचं आणि सारख्या वाटण्या करायच्या. ते धान्य दिवाळीपर्यंत पुरवायचं.

जीनमधला मुकादम उकंडराव. त्याला भारी गंमत वाटली.

"काय वं बायाहो, मजुरी पेरली म्हन्ते तुमी. उगवली काय?"

"उगवली तं नासली म्हना, मुकादम," वच्छलाबाई म्हणाली. "पेवातली उगवू नाई, तेच पाह्यजे."

खरा तंटा बायकांच्या आपसातलाच होता. अन्नपूर्णाबाईचा हात सगळ्यांत चपळ, तिचे तास सगळ्यांत जास्त. ती माझ्या तोंडाशी उभी राहून भांडली.

"मी दिवा लागेपर्यंत राबू, अन् झुंबर लेकरू पाजाले दुपारीच घरी. वाटनी सारखी काऊन वं?"

"पोट तं सारखंच हाय ना," वच्छलाबाई म्हणाली.

"माह्यं मोठं हाय."

सगळ्या हसल्या. अन्नपूर्णाबाई हसली नाही. पण टोपलं तिनं ओतलं, काठोकाठ भरलेलं.

होळी झाली. मला लिंपलं. पुष्कळ दिवसांनी मी पुन्हा झोपलो. या वेळची स्वप्नं वेगळी होती. ज्वारी दहा वावरांची, दहा विहिरींच्या पाण्याची. माझ्या पोटात सगळी शेतं एकाच वाऱ्यानं हलत होती, आणि वरून पांढरी रुई उडत होती. ती ज्वारीनं कुठून आणली, कोण जाणे. बायकांच्या लुगड्यांवरून आली असेल.

चैत्रात वारा सुटला आणि झुंबरबाईची झोपडी जळाली. माणसं वाचली. घरातली धान्याची कणगी गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिचा नवरा निवृत्ती कुदळ घेऊन माझ्यापाशी आला. वच्छलाबाईला कुणीतरी सांगितलं असावं. ती आधीच येऊन झाकणावर बसली होती.

"सरका, वच्छलाबाई. माह्या बायकोचे तास हायेत याच्यात."

"हायेत. माह्येबी हायेत. तुह्या बायकोचे दाने कोनते, वळखून काढ."

त्यानं कडेला एक घाव घातलाच. लिंपण तडकलं. उजेडाची एक सुतासारखी रेघ खाली उतरली आणि ज्वारी झोपेत चाळवली. वरचं सगळं त्या फटीतून मला स्पष्ट ऐकू आलं.

"एकदा उघडलं का सगळंच काढा लागते, निवृत्ती. घरात गेलेली ज्वारी पावसाळा पाह्यत नाई. पाहुने खातात, सोंडकिडे खातात. मंग आखाडात साऱ्याच उपाशी."

"ठाऊक हाय मले. पन झुंबरचं दूध आटलं. लेकरू रडून राह्यलं."

वच्छलाबाई झाकणावरून उठली नाही. आपण उघडावं की मिटून राहावं, हे मलाही कळेना. पेवाला कुणी विचारत नाही, ते बरं.

मग जड पावलं आली. टोपलं जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला.

"हे घे ज्वारी. पेवाले हात लावू नको." अन्नपूर्णाबाई होती.

"मी फेडीन," निवृत्ती म्हणाला.

"फेडशीन कायचं? आंधी कुदळ खाली ठेव बे. पायावर पडन."

वच्छलाबाईनं त्याच दुपारी तडा लिंपला. तिच्या बोटांचे ठसे त्या लेपावर तसेच वाळले. त्यानंतर वैशाखभर एकेक घर पाळीपाळीनं झुंबरबाईकडे पायली-दोन पायली पोचवत राहिलं. मी ते पावलांवरून ओळखत होतो. जाताना जड, येताना हलकी.

ज्येष्ठात झाकण काढलं. माझ्यातला वारा विषारी असतो, म्हणून बायका अर्धा दिवस थांबल्या, मग दोरीनं दिवा सोडून पाहिला. दिवा हलत हलत उतरला. विझला नाही, म्हणजे वारा निवळला होता. तो दाण्यांवर टेकला तेव्हा माझं पोट सोन्याचं झालं. एवढा सुंदर मी कधी नव्हतो.

वाटण्या झाल्या. माप अन्नपूर्णाबाईच्या हाती. झुंबरबाई सगळ्यांच्या मागं उभी, लेकरू कडेवर, टोपलं मुद्दाम लहान आणलेलं.

"मले अर्धीच द्या. उन्हाळाभर तुमचीच खाल्ली मी."

वच्छलाबाईनं मान खाली घातली. हिशेबानं ते बरोबर होतं.

अन्नपूर्णाबाईनं ते लहान टोपलं उचलून बाजूला ठेवलं आणि आपलं पुढं ओढलं. त्यात झुंबरबाईची वाटणी मोजू लागली. पुरी मोजली.

"ते आमच्या घरचं व्हतं," ती म्हणाली. "हे तुह्या कामाचं हाय. दोनी एकात कालवू नको."

"तं मंग तुमचं कसं फिटन?"

"लेकरू मोठं होऊ दे. मंग दिवा लागेपर्यंत माह्या शेजारच्या रेच्यावर बस. गप बसून बसून तोंड दुखते माह्यं, बोलाले कोनी नाई."

त्यानंतर वाटणीवरून तंटा झाला नाही, असं मी म्हणणार नाही. दर साली होतो. अन्नपूर्णाबाईच सुरू करते.

यंदाही मी भरलोय. होळी झाली, तोंड लिंपलं, ज्वारी निजली. मला आता झोप येते आहे. निजण्याआधी एवढंच सांगतो. मृगाला अजून अवकाश आहे. तोवर कुणाच्या घरची चूल विझली, तर माझ्याकडे कुदळ घेऊन येऊ नका, शेजारी जा. आणि शेजारचं माणूस रिकामं टोपलं घेऊन तुमच्या दाराशी आलं, तर कधी फेडशील म्हणून विचारू नका.