डोक्यांचं कालवण

लोअर परळच्या गिरणीच्या ज्या साचेखात्यात मागांच्या खडखडाटाने आकांक्षाच्या वडिलांचे कान गेले, तिथे आता शंतनूचे उपाहारगृह होते. छत मुद्दाम गंजके ठेवले होते. शंतनू तिचा कॉलेजातला मित्र, मूळचा गिरगावचा. भूक ही त्याच्या लेखी जेवणाआधीची सुखद अवस्था. आजच्या मेजवानीत त्याने दोन परंपरा समोरासमोर मांडल्या होत्या: 'गावाकडचं' आणि 'गिरणगावचं सोल फूड'. अमेरिकेतल्या गुलामांनी मालकाने टाकलेल्या खुरा-आतड्यांतून जे रांधले, त्याचे नाव त्याने उचलले होते. इतिहास मात्र तिथेच सोडून.

मेनूकार्डाचा मजकूर आकांक्षाने, अन्नाच्या इतिहासाच्या प्राध्यापिकेने, एकाच अटीवर लिहिला होता. सुरमईच्या डोक्यांच्या कालवणाखालचे वाक्य काढायचे नाही: 'मालन परब यांच्या लालबागच्या खाणावळीत तुकड्या महिन्याचे पैसे भरणाऱ्या मेंबरांना जात, डोकी घरच्यांना उरत.' मालन म्हणजे तिची आई. आपले नाव छापून येणार, एवढ्यासाठी ती आज नवे लुगडे नेसून आली होती.

कार्डावर त्या वाक्याच्या जागी छापले होते: 'कोकणातल्या आजीच्या हातची गावरान चव.'

आकांक्षाने शंतनूला बाजूला घेतले. "माझं वाक्य?"

"अगं, आमच्या टीममधल्या सगळ्यांना ते जरा उदास वाटलं. लोक जेवायला येतात, श्राद्धाला नाही. आणि फरक तो काय? डोकी गावातही खातातच की."

"गावात अख्खा मासा आपला असतो, म्हणून डोकंही खातात. आमच्याकडे मासा मेंबरांचा होता, म्हणून डोकंच खायचो."

"क्या बात है! पुढच्या वेळी हेच घेऊ."

ती टेबलाशी परतली तेव्हा आई वाढायला आलेल्या वेटरला हाताने थोपवत होती.

"आधी सगळ्यांचा होवंदे."

"आई, इथे तू पाहुणी आहेस."

"मेंबर उठल्याबिगर मी कधी बसलंय?"

टेबले उठू लागली तेव्हा तिने वेटरला खूण केली. तो ओशाळला. "डोकी संपली, आजी. सगळ्यांनी तीच मागितली. गावाकडच्या सुरमईच्या तुकड्या शिल्लक आहेत."

हे ऐकून शंतनूने माइक उचलला. "पाहिलंत? सगळ्यांची पोटं भरेपर्यंत मावशींनी घास घेतला नाही! हीच आपली अन्नपूर्णा!" टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या ताटांत चोखून स्वच्छ केलेली हाडे होती.

तुकडी आली. जाड, मधली, काटा नसलेली. मालनने ती बोटाने उलटून पाहिली आणि ताट लेकीकडे सरकवले. "मेंबराची तुकडी ती. तू खा."

मग कार्ड हातात घेऊन म्हणाली, "चष्मो घराक रवलो. माझा नाव खंय छापल्यानी गो?"

आकांक्षाने आयुष्यभर विद्यार्थ्यांचे प्रबंध एका खोट्या संदर्भासाठी परत पाठवले होते. तिने 'आजीच्या' या शब्दावर बोट ठेवले आणि जे कुठेच नव्हते ते वाक्य, आईच्या नावासकट, स्पष्ट उच्चारात वाचून दाखवले.

मालनने शेवटपर्यंत ऐकले. "खरा छापल्यानी," ती म्हणाली आणि ताट पुन्हा आपल्याकडे ओढून तिने तुकडी मोडली.