डिकीतला पाटा

मार्कस परेरा गाडी चालवायला बसला की वाटावं, पायाखाली झुरळ चिरडतोय. अ‍ॅक्सिलरेटर असा दाबायचा. पुढे सिग्नल लाल दिसत असला तरी हा तिथवर भरधाव जाणार आणि मग करकचून ब्रेक मारणार. डावा पाय कायमचा क्लचवर. आणि चौऱ्याहत्तर साल उजाडलं, पेट्रोल महागलं, तेव्हा खापर फोडलं कुणावर? बिचाऱ्या जुन्या फियाटवर. "ही पेट्रोल ढोसते. एरंगळच्या चर्चच्या सणाला भिकाजी भेटेल, त्याला देऊन टाकतो," असं त्याने मरोळभर सांगितलं. मढचा भिकाजी मासळीचा व्यापारी, त्याचा या गाडीवर केव्हापासून डोळा होता.

मार्कसची लेक एमिलिया त्याच गाडीवर चालवायला शिकली होती. दिवसभर ऑफिसात टायपिंग करून आल्यावर संध्याकाळी गाडी हातात मिळणं, एवढंच तर तिचं सुख होतं.

"गाडी नाही पीत, पपा. तुमचा पाय पितो," ती म्हणाली.

मार्कस भडकला, आणि भडकला की तो पैज लावल्याशिवाय राहत नसे. ठरलं. टाकी रिकामी करायची आणि एकच छोटा डबा पेट्रोल घालायचं. त्यावर गाडी एरंगळच्या चर्चपर्यंत गेली तर राहील, वाटेत अडली तर भिकाजीची. चालवणार एमिलिया. मात्र वाटेतल्या प्रत्येक क्रुसापाशी दरवर्षीसारखं थांबायचं.

सणाच्या दिवशी एमिलियाने टायरांत हवा भरून घेतली, टपावरचं कॅरियर उतरवलं, डिकीतलं सगळं भंगार काढून टाकलं आणि मगच कपडे बदलायला गेली.

निघाले. काय हात पोरीचा! गियर वेळेवर, पाय हलका, वेग एकसारखा. पुढे बैलगाडी दिसली की लांबूनच पाय काढायचा, ब्रेकला हातच नाही, म्हणजे पायच नाही. क्रूस आला की गाडी अलगद थांबवून इंजिन बंद करायचं. मार्कस दरवर्षी इंजिन घरघरत ठेवून प्रार्थना म्हणायचा. अंधेरी गेली, ओर्लेम गेलं. काटा खाली येत होता, पण सावकाश. एमिलियाला आतून उकळ्या फुटत होत्या. शेजारी मार्कसचा उजवा पाय मात्र सारखा नुसताच पत्रा दाबत होता.

खारोडीच्या क्रुसापाशी तिला संशय आला. गाडी मागून बसल्यासारखी का वाटतेय? उतरून डिकी उघडली तर आत गोणपाटात गुंडाळलेला पाटा-वरवंटा.

"हे कधी ठेवलंत?"

"तू कपडे बदलत होतीस तेव्हा. सणाचं वाटण तिथेच वाटतात. माझ्या आईचा पाटा आहे, तो नाही टाकायचा इथे."

"वाट लावलीत पपा."

"दगडाला काय पेट्रोल लागतंय?"

एमिलिया रागाने लाल झाली, पण गाडी तिने पुन्हा अलगदच सुरू केली. रागात पाय जड होतो, हे तिला बापाकडे बघूनच कळलं होतं.

एरंगळच्या अलीकडे चढ लागला आणि गाडी आचके देऊ लागली. काटा तळाला. चर्चचा मनोरा झाडांवरून दिसत होता आणि एमिलियाचे डोळे भरून आले. मार्कसने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. हा डबा आपण ओर्लेमलाच संपवला असता, हे त्याला पक्कं कळून चुकलं होतं.

"थांब," तो म्हणाला. खाली उतरला, डिकी उघडली, पाटा खांद्यावर घेतला, वरवंटा काखेत मारला. "जा तू. चढाला मी आणि आई, दोघंही जड."

हलकी झालेली फियाट कुरकुरत चढ चढली, पलीकडे उतरली आणि चर्चच्या दारात जाऊन बंद पडली. एमिलिया स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होती, रडतही होती.

भिकाजी टायरला लाथ मारून बघत होता, तेवढ्यात सुटाबुटातला मार्कस घामाने निथळत आला.

"मार्कसशेठ, मग नेऊ ना?"

"गाडी माझ्या पोरीची आहे," मार्कस धापा टाकत म्हणाला आणि खांदा पुढे केला. "तुला काही न्यायचंच असेल तर हा पाटा ने."