खिळ्यावर न टांगलेला दोरा

मी एक दोरा बोलतोय. एक पदर लाल, एक पांढरा. आमच्याकडे मार्चच्या तोंडावर असा दोरा एकमेकांच्या मनगटावर बांधतात, वर्ष बरं जावं म्हणून. सध्या मी प्लास्टिकच्या पिशवीत आहे, पिशवी फाईलमध्ये आणि फाईल लोखंडी कपाटात. पिशवीवर लिहिलंय, 'परकी वस्तू, नग एक'. परकी म्हणे! मला स्वस्थ बसवत नाही, माझा पीळच तसा आहे, म्हणून सांगतो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी गीनाच्या स्वयंपाकघरात मी जन्मलो. गीना ब्याऐंशी वर्षांची. त्या हिवाळ्यात तिचा डावा हात लुळा पडला होता, म्हणून तिने माझं एक टोक दातात धरलं आणि उजव्या हाताने मांडीवर पीळ दिला. तिची लेक रुम्याना शेजारी उभी राहून नुसती तळमळत होती.

"आई, राहू दे ना. बाजारात ढिगाने मिळतात."

"बाजारातला दोरा बाजाराचं भलं करतो. हात पुढे कर."

मनगटावर पहिली गाठ बसली. दुसरी काही बसेना, बोटं ऐकतच नव्हती. रुम्याना स्वतः गाठ मारायला गेली तर म्हातारीने तिच्या हातावर चापट दिली. "आपल्या हातानं बांधायचा नसतो गं. करकोचा दिसला की फुललेल्या झाडाला बांधून टाक. त्याआधी काढलास तर बघ!"

असा मी एकाच गाठीवर जगात आलो.

रुम्याना पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता सांभाळायची. ती खोकी दात येणाऱ्या बाळांच्या बिस्किटांसाठी जात, आणि बिस्किटवाले, आत कुठलीही परकी वस्तू पडत नाही अशा प्रमाणपत्राशिवाय खोक्याला हात लावत नसत. दर मार्चमध्ये राजधानीहून, सोफियाहून, तपासनीस येई. प्रमाणपत्र गेलं तर अडतीस माणसं घरी बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून भिंतीवर रुम्यानाच्या ठसठशीत अक्षरात नियम होता: अंगठी नाही, घड्याळ नाही, दोरा नाही.

पण मार्चमध्ये दोरा काढा म्हटल्यावर माणसं तोंड फिरवायला लागली. तेव्हा तिनेच कपडे बदलायच्या खोलीत एक फळी ठोकली. अडतीस खिळे, प्रत्येकाखाली नाव. आत जाताना दोरा खिळ्याला, घरी जाताना पुन्हा मनगटाला.

तिचा खिळा मात्र रिकामाच असायचा. लोकांना वाटायचं, बाई नियमाची इतकी पक्की की बांधतच नाही. आणि मी तिच्या बाहीखाली, निळ्या कोटाच्या आत, घामाने भिजून बसलेलो. 'मी कुठे मशीनला हात लावते?' असं ती मनातल्या मनात म्हणायची. माझा जीव रोज टांगणीला. एक गाठ ती, किती दिवस धरणार?

बारा मार्चला तपासनीस आले. मिलेव त्यांचं नाव, उंच, मितभाषी माणूस. खिळ्यांच्या फळीपुढे ते बराच वेळ उभे राहिले. "हे फार छान केलंत, बाई. इतर कारखान्यांनाही सांगेन." रुम्यानाच्या मनगटाची शीर तेव्हा अशी उडायला लागली की मी दचकलो.

मग ते मशीनपाशी गेले. खोक्याला घडी घालून गोंद लावणारं ते मशीन पेन्को चालवायचा. मिलेव म्हणाले, "एक नमुना काढून द्या." आणि ती सवयीने पुढे वाकली, पट्ट्यावरून खोकं उचललं. गाठ सुटली. मी कोटाच्या बाहीतून घरंगळलो तो थेट मागच्या उघड्या खोक्यावर. घडी पडली, गोंद बसला, वर आणखी खोकी आली. गठ्ठा झाला, पट्टी आवळली. मी आत चपटा होऊन ओरडत होतो, "अहो, मी इथे आहे! मला काढा!" दोऱ्याचं कोण ऐकतंय?

मिलेव वरच्या ऑफिसात कागद पुरे करायला गेले. मॅनेजर त्सान्कोवनी त्यांच्यासाठी चीज भरलेली गरम बनित्सा मागवली होती. फाटकात बिस्किटवाल्यांचा ट्रक उभा होता. हात धुताना रुम्यानाने बाही वर सरकवली आणि मनगट मोकळं दिसलं. नळ तसाच वाहता ठेवून ती पेन्कोकडे धावली.

"पेन्को, मशीन थांबव. ट्रकलाही थांबव."

"ताई, वेड लागलंय का? वर सही होतेय!"

"माझा दोरा खोक्यात पडलाय."

पेन्को तिच्याकडे बघतच राहिला. "तुमचा? तुम्ही बांधता?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "अहो, दोराच आहे, ब्लेड नाही. कुणाला कळतंय?"

"दोन पोरांचा बाप ना तू? बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. घशात अडकला तर?"

पेन्कोने फाटकाकडे बघून ट्रकवाल्याला थांबायची खूण केली. लाल बटण मात्र तिनेच दाबलं. भोंगा वाजला तसे त्सान्कोव जिना उतरून धावत आले, मागून मिलेव. सगळे कामगार जमले. रुम्यानाने सगळ्यांसमोर बाही वर केली.

"दोरा माझा. आत आणला तोही मीच."

"आम्हाला खिळे ठोकून दिलेस आणि स्वतः?" त्सान्कोव ओरडले.

"हो, साहेब."

नमुना काढल्यापासूनचा एकूण एक गठ्ठा फोडला. अडतीस माणसं जमिनीवर बसून खोकी उघडत होती. दोन तासांनी एका खोक्यात बोट घालून पेन्को ओरडला, "हा बघा बदमाश!" इतक्या प्रेमाने मला कुणी कधी शिवी दिली नव्हती. रुम्याना तिथेच रडली, आणि तिच्याबरोबर मीही रडलो असतो.

मिलेवनी मला चिमट्याने पिशवीत घातलं. तीन आठवड्यांनी प्रमाणपत्र आलं, एका शेऱ्यासकट. रुम्यानाने स्वतःला लेखी ताकीद दिली, स्वतःच सही केली आणि मला तिच्याखाली टाचलं. पुरावा तीन वर्षं जागचा हलवायचा नाही, हा नियमही तिचाच.

करकोचे आले. गीनाने फोनवर विचारलं, "बांधलास?" कपाटाच्या दारापाशी उभी राहून रुम्यानाने सगळं खरं सांगितलं. मग म्हातारी म्हणाली, "तीन वर्षं का? मग मला थांबावं लागणार."

त्यानंतर करकोचे आणखी एकदा येऊन गेले. रुम्यानाचा खिळा आता रिकामा नसतो, पण त्यावरचा दोरा बाजारातला असतो. गीनाचा उजवा हातही थरथरतो म्हणे, तिच्या हातचा शेवटचा मीच. मधूनमधून रुम्याना कपाट उघडते, पिशवीवरून अंगठा फिरवते आणि परत बंद करते. मी आतून धडका मारतो. काढ ना गं! पण ती काढत नाही, आणि खरं सांगू, काढलं असतं तर मला ती आवडली नसती.

अजून दोन वर्षं आहेत. म्हातारी त्र्याऐंशीची आहे आणि मला घाई आहे. तोवर कुणी फाईली आवरायला आलंच, तर 'परकी वस्तू' वाचून मला कचऱ्यात टाकू नका. फाटकाजवळ आलुबुखाराचं झाड आहे, मार्चअखेर पांढरं होतं. तिथे बांधा, आणि गीनाला फोन करा.

गाठ मात्र दुहेरी मारा.