बारा कविता आणि एक मुलाखत

कवी जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्याने प्राध्यापकांचा पिच्छा सोडला नव्हता. नवकवितेतला एवढा मोठा माणूस, आणि सेनापतीच्या राजवटीत त्या सेनापतीच्याच कौतुकाच्या बारा कविता लिहून बसला. दुबळ्यांना देशाबाहेर झाडून काढा, बुटांचा ठेका हेच खरं संगीत, असलं काहीबाही. प्राध्यापकांनी ऐन तिशीत जाडजूड पुस्तक लिहून ठासून सांगितलं होतं की हा सगळा उपरोध आहे, कवी सेनापतीची टर उडवतोय. त्या पुस्तकावर त्यांना बढती मिळाली, नाव मिळालं. सेनापतीची राजवट पुस्तकाआधीच संपली होती, वाद मात्र संपला नाही.

आता समग्र कविता निघत होती. प्रकाशक प्रस्तावनेसाठी हात धुऊन मागे लागला होता, तिचं शेवटचं वाक्य तेवढं राहिलं होतं आणि आज चार वाजता पानं छापखान्यात जायची होती. त्यात काल वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं, थट्टा होती याला पुरावा काय? प्राध्यापकांनी तिला कवीच्या बायकोची मासिकातली मुलाखत दाखवली. 'हे सगळं गमतीनं लिहायचे,' असं त्यात छापलं होतं. मुलगी एवढंच म्हणाली की एका ओळीने भागत नाही, सर. तिचं बरोबर होतं, म्हणूनच त्यांचं डोकं फिरलं.

म्हणून ते तीन जिने चढून वहिनींकडे आले होते. कवीच्या बायकोला त्याचे सगळे चाहते वहिनीच म्हणत. तास झाला, पण वहिनी काही केल्या मुद्द्यावर येईनात. कवीचे दात कसे दुखायचे, टंकलेखन यंत्राची पट्टी कशी सारखी अडकायची, हे सगळं सांगून झालं. गमतीची आठवण मागितली की त्या चहा गरम करायला उठत. तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा प्राध्यापकांचा धीर सुटला.

"वहिनी, त्या कविता वाचताना ते हसायचे का, एवढंच सांगा."

वहिनींनी पातेलं खाली ठेवलं. "हसायचे नाहीत. उभं राहून वाचायचे. आम्हालाही उभं करायचे. धाकटीला ताप होता, तरी तिला पांघरुणातून काढून उभी केली."

"मग मुलाखतीत गमतीनं लिहायचे म्हणालात, ते?"

"ते तुमच्या पुस्तकातलं."

प्राध्यापकांना आधी कळेचना. मग त्यांनी मनातल्या मनात सालं जुळवली. मुलाखत पुस्तकानंतरची होती. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनीच ती मोठ्या ऐटीत पुरावा म्हणून घातली होती. त्यांचं वाक्य वहिनींकडे जाऊन परत आलं होतं आणि त्यांनी त्याचं जोरदार स्वागत केलं होतं. त्यांना स्वतःची चीड आली, मग वहिनींची आली, आणि वहिनींवर चिडल्याबद्दल पुन्हा स्वतःची आली. असं का केलंत, एवढंच त्यांनी विचारलं.

"लोक दारावर थुंकून जायचे," वहिनी म्हणाल्या. "तेव्हा एक शिकलेला माणूस म्हणाला, तुमचा नवरा तसा नव्हता. मी ते धरून ठेवलं. तुम्हाला जास्त कळतं असं वाटलं."

विसाव्या वर्षी कवीच्या आधीच्या कवितांनी प्राध्यापकांना वेड लावलं होतं, आणि वेड लावणारा माणूस वाईट निघू नये म्हणून त्यांनी तीनशे पानं खर्ची घातली होती. त्यात वहिनींना विचारायला यायचं मात्र राहून गेलं होतं.

प्राध्यापकांचा फोन वाजला. प्रकाशक होता. शेवटचं वाक्य द्या, यंत्र थांबलंय, म्हणाला.

"लिहा, कवी हे सगळं मनापासून लिहीत होता," प्राध्यापक म्हणाले. "आधार, त्यांच्या पत्नी."

"माझं नाव नको," वहिनी मागून शांतपणे म्हणाल्या. "कुणी विचारलं तर मी नाही म्हणेन, आणि तुमचंच पुस्तक काढून दाखवीन."

प्रकाशक विचारत होता, मग आधार कोणाचा लिहू?