डाग नसलेला मुखवटा

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या एका इस्पितळात छपाईयंत्राने थरावर थर चढवून मला घडवलं. चेहरा मिळाला तो मेदिंग नावाच्या बाईचा. मेंदूत रक्तस्राव होऊन ती गेली होती. छाती हलत होती ती फक्त यंत्रामुळे. भाजून चेहरा गमावलेल्या रोविना नावाच्या मुलीला मेदिंगचा चेहरा बसवता येणार होता.

पण मेदिंगचा नवरा इस्को तयार होईना. "शवपेटीच्या काचेतून सगळी गल्ली तिचं तोंड बघणार. काय दाखवू त्यांना? फडकं?"

म्हणून मला घडवलं. काढून दिलेल्या चेहऱ्याच्या जागी मी बसणार होतो. देल्फिन रंगाऱ्याने पापणीचा एकेक केस लावला. डॉक्टरसुद्धा बघत राहिले.

इस्कोने मला हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"ही कोण?"

"मानोंग, तुमचीच बायको," देल्फिन म्हणाला. थोरल्या माणसाला तिकडे मानोंग म्हणतात.

"माझी बायको केळी तळून विकायची. गालावर तेल उडाल्याचा डाग होता. तो कुठाय?"

"म्हटलं, शेवटचं दर्शन आहे. जरा छान दिसू देत."

"छान? तिच्यासमोर बोलला असतास तर झाऱ्याने बडवलं असतं तुला!"

देल्फिन ओशाळला. यंत्रातून दुसरा मुखवटा, माझं भावंड, निघालं. डागाची जागा इस्कोने स्वतः बोट ठेवून दाखवली. मगच त्याने होकार दिला.

मला त्याने घरी नेलं, फळीवर बाळयेशूच्या मूर्तीशेजारी ठेवलं. तिथूनच मी सगळं पाहिलं. तिकडच्या रिवाजाप्रमाणे मयताशेजारी पत्ते खेळत जागत बसलेली शेजारीण काचेवर वाकली. "अगं बाई, डागसुद्धा आहे! मेल्यावरही पावडर लावू दिली नाही बयेने." इस्को हसला. मग खूप रडला.

माझं भावंड मेदिंगबरोबर मातीत गेलं. मी फळीवर राहिलो.

पुढे एकदा रोविना घरी आली. तिच्या हाडांवर तो चेहरा वेगळाच दिसत होता. मेदिंगचा नव्हता, तिचा जुनाही नव्हता. पण गालावर तो डाग होता. खराखुरा.

इस्कोने केळी तळली. तिने घाईने एक उचललं.

"फुंकर मार आधी, पोरी. भाजेल."

तिने ओठ जुळवले आणि फुंकर मारली. वाफ हलली. इस्को झारा हातात धरून तसाच उभा राहिला.

माझेही ओठ हुबेहूब तसेच आहेत, मित्रांनो. पण त्यांनी कधी वाफ हलवली नाही.

माझ्यावरची धूळ नाही पुसली तरी चालेल. घरच्या माणसांचे चेहरे मात्र नीट बघून ठेवा. डागांसकट.